कण्यातली हवा

नोकरीत पाहिलेल्या प्रेतांची मोजदाद मी ठेवली नाही, आणि बरीचशी विसरूनही गेलो. पण पडघ्याच्या बाजूला हायवेच्या कडेला पडलेला तो तरुण, आणि त्याच्या पाठीच्या कण्यात शिरलेली ती हवा, यांनी मला अजून सोडलेलं नाही. दाढी करताना आठवतं. नातवाच्या हातातला फुगा पाहिला तरी आठवतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या गोष्टींबद्दल आमच्या घरात फारसं चांगलं मत नाही. आमची सौ. माझी कुठलीही हकीकत ऐकताना मनातल्या मनात तिला दहानं भागते. पन्नास जणांचा जमाव मी एकट्यानं पांगवला असं म्हटलं की ती पाहुण्यांपुढे चहा ठेवत म्हणते, "पाच होते. त्यातले दोन ह्यांचेच हवालदार." आता खरं सांगतो, त्या काळी माझी मिशी अशी होती की तिच्या दोन्ही टोकांना लिंबं टेकायची, आणि पडघ्याच्या बाजारात मी शिंकलो की कसारा घाटात ट्रकवाले ब्रेक दाबायचे. खुशाल भागा दहानं. पण पुढचं भागू नका.

नव्वदच्या दशकातले मधले दिवस. भिवंडी तालुक्यात हायवेवरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. समोरून दिवसरात्र ट्रक. भिवंडीला सूत घेऊन जाणारे, भिवंडीहून कापडाच्या गाठी घेऊन येणारे. त्यांच्या धुरानं आमच्या ठाण्याची पिवळी भिंत इतकी काळी झाली होती की आरोपीला तिच्यासमोर उभा केला तर फोटोत नुसते दात दिसायचे. पाठीमागे मात्र डोंगर. हिरवा, गप्प. त्याच्या माथ्यावर आदिवासी पाडे. तिकडून कोणी फिर्याद घेऊन सहसा येत नसे. त्यांचं भांडण त्यांच्यातच मिटायचं, आणि पोलिसापेक्षा त्यांना जास्त भीती फॉरेस्टवाल्याची.

त्या दिवशी सकाळी हजेरी झाली होती, लॉकअप तपासून झालं होतं, आणि बकरी हरवलेल्या एका म्हातारबांना मी त्यांच्या बकरीचं वर्णन विचारत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदारानं फोन पुढे केला. भिवंडीच्या एका दवाखान्यातून वर्दी होती. अपघाताचा पेशंट, डोक्याला जबर मार, बेशुद्ध. बरोबर नातेवाईक आहे, आणि ज्या ट्रकनं उडवलं तो ट्रक आणि त्याचा ड्रायव्हर दोघंही दवाखान्याच्या दारात उभे आहेत.

माझे हवालदार म्हणजे जुनं खोड. माणसाबद्दल वाईट बोलायची एकही संधी त्यांनी आयुष्यात सोडली नाही. ते म्हणाले, "साहेब, उडवून वर दवाखान्यात आणणारा ड्रायव्हर मी तरी अजून पाहिला नाही. एक तर हा साधू असेल, नाहीतर वेडा."

"नाहीतर खरं बोलणारा असेल," मी म्हटलं.

"तेच म्हणतो. वेडा."

दवाखान्यात पोचलो. पंचवीसेक वर्षांचा काळासावळा, घट्ट बांध्याचा मुलगा स्ट्रेचरवर पडला होता. नाकातून आणि एका कानातून रक्त येत होतं, डोळ्यांभोवती काळंनिळं चढायला लागलं होतं. श्वास चालू होता, पण घुर्रर्र असा, रिकाम्या हापशासारखा. शेजारी त्याचा थोरला भाऊ उभा. अनवाणी, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे, आणि उजव्या खांद्याचं कातडं सोलून लाल झालेलं. मी विचारलं, "खांद्याला काय झालं?" तो म्हणाला, "गोण्या वायतो साहेब." मी मान हलवली. पण डोक्यात ते राहिलं. गोणी वाहणाऱ्याच्या खांद्याला घट्टा पडतो, कातडं असं ताजं सोलवटत नाही.

"काय झालं, सांग."

"रस्ता वलांडत व्हता. ट्रकनं उडवला."

"कुठल्या ट्रकनं?"

त्यानं हात वर केला आणि दारातल्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. "ह्यानंच."

त्या ड्रायव्हरचं तेव्हाचं तोंड मी अजून विसरलो नाही. चाळिशीतला उत्तरेकडचा माणूस, बनियनवर आणि गमछ्यावर सगळं रक्त. त्यानं आधी वळून मागे पाहिलं, बोट नक्की कोणाकडे दाखवलंय ते बघायला. मागे भिंत होती.

"मैं? अरे मैंने तो उठाया इसको!" तो माझ्याकडे वळला. "साहब, ये रोड के बाजू में पड़ा था. तीन आदमी हाथ दिखा रहे थे. कोई गाड़ी नहीं रुकी. मैं रुका. ये भाई मेरे साथ बैठके आया, पूरे रास्ते मेरा हाथ पकड़के रो रहा था. पूछो इसको!"

मी थोरल्याला विचारलं. थोरला जमिनीकडे बघत म्हणाला, "तीन न्हाय. मी येकलाच व्हतो."

आता कायदा कसा चालतो ते सांगतो. जखमीचा सख्खा भाऊ, डोळ्यांनी पाहिलं म्हणणारा, ट्रककडे बोट दाखवतो. फिर्याद घ्यावी लागते. हयगयीनं वाहन चालवून दुखापत केल्याचा गुन्हा दाखल केला, ट्रक ठाण्याच्या आवारात लावला, ड्रायव्हर अटक. गुन्हा तसा जामीनपात्र. पण जामीन राहायला इथला माणूस हवा, आणि परमुलखातल्या ड्रायव्हरला इथे ओळखणारं कोण? गाडीच्या मालकाला फोन लावला तर तिकडून कोणीतरी सांगितलं, शेठ बाहेर गेलेत. ज्याचा ट्रक धरला जातो त्याचा शेठ नेहमी बाहेरच गेलेला असतो. कोर्टानं दोन दिवसांची कोठडी दिली.

जखमीला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. इकडे बाजारात बातमी पसरली, आणि ट्रक पेटवायची भाषा सुरू झाली. पोरगा मेला असता तर कलम वाढलं असतं, खटला वर्षानुवर्षं चालला असता, लायसन्स गेलं असतं. त्या माणसाला गाडी चालवण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य त्या बेशुद्ध पोराच्या श्वासाला टांगलेलं होतं.

लॉकअपचं दार उघडलं की तो एकच विचारायचा. जेवण दिलं तरी तेच, चहा दिला तरी तेच.

"वो ज़िंदा है न साहब?"

हवालदार म्हणायचे, "कलम वाढायची भीती वाटतेय लेकाला."

मलाही तसंच वाटलं. पोलिसाला दुसरं काही वाटायला वेळ लागतो.

घटनास्थळाचा पंचनामा करायला गेलो तर तिथे काहीच नव्हतं. ब्रेकचे व्रण नाहीत, काचेचा चुरा नाही, डांबरावर रक्ताचा थेंब नाही. रक्त होतं ते कडेच्या एका झाडाखाली, गवतात, माणूस आडवा निजवला तर डोकं येईल तिथे. ट्रकच्या बंपरला एक पोचा होता, पण त्यात गंज धरलेला. हवालदार पाय खुरडत म्हणाले, "साहेब, ह्या अपघातात अपघातच सापडत नाही."

पण नसलेल्या गोष्टींवरून कोर्टात काही सिद्ध होत नाही. फिर्यादी ठाम होता.

दुसऱ्या दिवशी मुंबईला गेलो, जखमीची अवस्था बघायला आणि डॉक्टरांचा जबाब घ्यायला. तिथली डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीच्या वयाची, दोन दिवस झोपली नसावी असे डोळे. मला बघून तिनं सरळ विचारलं, "साहेब, ह्या पेशंटला तुम्ही लोकांनी उलटं टांगलं होतं का?"

मी उडालोच. पोलिसावर आरोप होतात, पण इतक्या सहज, ओळख करून घ्यायच्या आधी?

"बाई, हा आरोपी नाही, जखमी आहे. आम्ही त्याला हातसुद्धा लावलेला नाही."

तिनं मला दिव्याच्या पेटीपाशी नेलं आणि स्कॅनच्या काळ्या फिल्मा लावल्या. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाला, कागदासारखं पातळ हाड असतं. ते फुटलं होतं. त्या फटीतून हवा आत शिरली होती. फिल्मवर हवा काळी दिसते. कवटीत काळे ठिपके होते, ते ठीक, असं होतं म्हणाली. पण मान मोडली असेल या शंकेनं त्यांनी मानेचेही फोटो काढले होते. तिथे कण्याच्या पोकळीत, मज्जारज्जूच्या कडेनं, एक काळी रेघ खाली उतरत गेली होती. पार छातीच्या मागच्या मणक्यांपर्यंत.

"ही हवा आहे," ती म्हणाली.

"कण्यात? हवा?"

नोकरीत मी ट्यूबमध्ये हातभट्टीची दारू पाहिली आहे, भोपळ्यात चाकू पाहिले आहेत, एकदा तर शेळीच्या गळ्यातल्या घंटेत सोन्याची साखळी सापडली होती. पण माणसाच्या कण्यात हवा? त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, न्यूमोरॅकिस. मी ते नंतर वायरलेसवर सांगितलं तेव्हा पलीकडच्या माणसानं विचारलं, "साहेब, आरोपी परदेशी आहे का?"

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरची सलाईनची बाटली उचलली, आडवी धरली. आतला बुडबुडा मधोमध थांबला. तिनं बाटलीचं तोंड खाली केलं. बुडबुडा सरसर सरकत बुडाकडे वर गेला.

"हवा वर चढते, साहेब. माणूस सपाट झोपला असता, किंवा डोकं उशीवर असतं, तर ही हवा डोक्यातच राहिली असती. इतकी हवा पाठीत जायला पाठ डोक्यापेक्षा उंच असायला हवी. दोन-पाच मिनिटं नाही, बराच वेळ. म्हणून विचारलं, कसं आणलं ह्याला?"

मी तिथून थेट ठाण्यात आलो आणि ड्रायव्हरला बाहेर काढलं. "गाडीत कसं झोपवलं होतंस? दाखव."

तो केबिनमध्ये चढला. ड्रायव्हरच्या सीटमागे झोपायला फळी असते, तिच्यावर त्यानं आडवं होऊन दाखवलं. डोक्याखाली घडी केलेली घोंगडी, रक्तानं कडक झालेली. "सर के नीचे रखी थी साहब. इतना खून था, मैंने सोचा सर ऊपर रहे तो अच्छा." फळी सपाट, घोंगडी चांगली जाड. गाडीत डोकं उंचच होतं. पडघ्यापासून भिवंडीपर्यंतचा रस्ताही सपाट.

"वो ज़िंदा है न?" फळीवर पडल्या पडल्या त्यानं विचारलं.

"आहे."

ठाण्याच्या ओसरीवर येऊन मी बसलो. समोर हायवे, मागे डोंगर. सपाट रस्त्यावर कुणाचं डोकं तासभर खाली राहत नाही. ते राहतं उतारावर. वरच्या पाड्यांना रस्ता नव्हता. आजारी माणूस खाली आणायचा म्हणजे चादरीची झोळी करायची, बांबूला बांधायची, पुढे एक, मागे एक, आणि उतरत यायचं. पुढचा खाली, मागचा वर. झोळीतल्या माणसाची पुढची बाजू सगळी वाट खाली. खांद्याचं कातडं त्या बांबूनं सोललं होतं.

पण कुठलाही शहाणा माणूस डोक्याला मार लागलेल्याचं डोकं वर ठेवील. पाय पुढे करील, म्हणजे डोकं मागच्या, उंच बाजूला राहील. मग ह्यांनी डोकं पुढे का केलं?

हे उत्तर मला डॉक्टरांकडून मिळणार नव्हतं. ते माझ्या आजीनं लहानपणीच देऊन ठेवलं होतं. मी एकदा पाय दाराकडे करून झोपलो होतो तर तिनं मला फटका मारून फिरवलं होतं. पाय पुढे करून घरातून कोण निघतं? मढं. जिवंत माणसाला आपण पाय पुढे करून नेत नाही. निदान, तो जगावा असं ज्याला वाटतं तो नेत नाही.

हवालदारांना म्हटलं, "थोरल्याला बोलवा. पुरवणी जबाब घ्यायचाय."

"धाक दाखवायचा?"

"नाही. थाप मारायची."

तो आला. जमिनीवर बसायला लागला. "खुर्चीवर बस," म्हटलं. "न्हाय साहेब, हितंच बरं हाय." मीही खुर्ची सरकवून त्याच्यासमोर पायरीवर बसलो. चहा मागवला. त्यानं कप हातात धरला, प्यायला नाही.

"मुंबईच्या हॉस्पिटलात एक मशीन आहे," मी सुरू केलं. "विलायतेहून आणलंय, आपल्या ठाण्याएवढं मोठं. त्यात माणूस घातला की त्याची सगळी वाट दिसते. कुठून आला, कोणी आणला, कसा आणला."

त्यानं कप दोन्ही हातांनी धरला.

"तुझा भाऊ हायवेवर पडलाच नव्हता. तो डोंगरावरून आला. झोळीतून. दिसलं मला."

मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की बाहेरच्या झाडावरचे कावळे तालुका सोडून जायचे.

"आणि कसा आणलात रे त्याला? मेलेला समजून! घरातून प्रेत काढतात तसा, पाय पुढे करून! सख्खा भाऊ तू, आणि जित्या भावाला मढ्यासारखा उतरवलास? तो मरावा असंच तुझ्या मनात होतं!"

कप खाली पडला. तो उभा राहिला. इतका वेळ जमिनीकडे बघणारा माणूस माझ्या डोळ्यांत बघून ओरडला.

"खोटं हाय! मेल्याला पाय फुडं नेत्यात! आमी डोकं फुडं करून आनला, सगळा डोंगर उतरूस्तवर! पाय फुडं करू म्हनत व्हता दुसरा, मी त्याला हानला! जिता व्हता तो! जिता हाय तो!"

मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. तो पुन्हा जमिनीवर बसला. हवालदार दारात उभे होते. त्यांनी तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकली आणि परत आत यायला वेळ लावला.

बाकीचं त्यानं हळूहळू सांगितलं. धाकट्याचं लग्न ठरलं होतं. नवं घर बांधायचं होतं, आणि घराला मेढ हवी, म्हणजे मधोमध उभा राहून सगळं छप्पर पेलतो तो खांब. त्यासाठी दोघं भाऊ आणि पाड्यातले दोघं जंगलात साग तोडायला गेले. परवानगी कसली नि काय. झाड पडता पडता शेजारच्या झाडाला अडकलं, फिरलं, आणि बुंधा उसळून धाकट्याच्या तोंडावर बसला.

"मग खरं का नाही सांगितलंस? दवाखान्यात?"

"खरं सांगितलं तर फॉरेस्टवालं आलं आसतं साहेब. डोंगरावर आमी नाचनी, वरी करतो ती जमीन फॉरेस्टची. कागुद न्हाय. साग तोडला म्हनून सगळ्या पाड्याला उठवला आसता. नर्स इचारत व्हती, कसं लागलं, कसं लागलं. समोर हा उभा. तोंडातनं निघून गेलं."

"ज्यानं गाडी थांबवली, त्याच्यावर?"

"बाकीच्या गाड्या थांबल्याच न्हाय," तो म्हणाला. "दुसरं कोन व्हतं तिथं?"

मी जबाबाचा कागद पुढे ओढला.

पंचांना घेऊन डोंगर चढलो. सागाचा ताजा बुंधा, त्यावर वाळलेलं रक्त, करवंदीत टाकलेला झोळीचा बांबू. पाड्यावर त्यांची आई अंगणात बसली होती. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "कवा आनाल त्याला घरी?" मी म्हटलं, "आणू." पोलिसांच्या तोंडून निघालेला सगळ्यात निरुपयोगी शब्द.

खरं लिहायचं म्हणजे सगळंच लिहावं लागतं. पंचनाम्यात साग आला, तसा वनखात्याकडे कागद गेला. त्यांनी कुऱ्हाड जप्त केली, ओंडका जप्त केला, थोरल्यावर केस केली. पाडा उठवला नाही, त्यासाठी मला त्यांच्या साहेबासमोर बसून माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या थापा माराव्या लागल्या. पण तो ओंडका त्यांच्या डेपोत नंबर टाकून कित्येक वर्षं पडून होता. मी जाता-येता बघायचो. आधी त्याला भेगा पडल्या, मग वाळवी लागली.

ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नाही म्हणून सोडण्याचा रिपोर्ट कोर्टात पाठवला. आदेश आला तेव्हा मी स्वतः लॉकअपचं कुलूप काढलं. ट्रकची चावी, लायसन्स, गमछा हातात दिला. वाटलं होतं रडेल, निदान पाया तरी पडेल. चावी खिशात घालून त्यानं विचारलं,

"वो ज़िंदा है न साहब?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. आता कुठलंही कलम वाढणार नव्हतं.

"आहे अजून," मी म्हटलं. "पण त्याचं काही खरं नाही."

त्यानं गमछा खांद्यावर टाकला. मग ट्रकमध्ये चढला, ती रक्ताची घोंगडी खिडकीतून आमच्या आवारात टाकली आणि इंजिनच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "साहब, भगवान की कसम, अब कोई भी पड़ा हो, मेरा बाप भी पड़ा हो, गाड़ी नहीं रोकूँगा."

मी त्याला थांबवून काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. हजार गोष्टी सांगणारा मी, मला एक वाक्य सुचलं नाही.

धाकटा त्यानंतर दोनच दिवसांनी गेला. डॉक्टरीणबाईंना मी बाजूला घेऊन विचारलं, "डोकं खाली ठेवून आणला, म्हणून गेला का? ती हवा भोवली का?"

"हवेनं नाही गेला," ती म्हणाली. "हवा आपोआप जिरते. मारच मोठा होता. पण इतका वेळ डोकं खाली राहिल्यानं मेंदूची सूज वाढली असणार, हे मी नाकारत नाही."

"म्हणजे चूकच झाली."

"थांबा ना. त्याच्या नाकातोंडातून रक्त वाहत होतं. डोकं वर असतं तर ते रक्त घशातून छातीत उतरलं असतं आणि तो कदाचित डोंगरावरच गुदमरला असता. डोकं खाली होतं म्हणून रक्त बाहेर पडत राहिलं. दोन्ही खरं आहे, साहेब. कुठलं जास्त, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."

शवविच्छेदन झाल्यावर प्रेत गाडीनं डोंगराच्या पायथ्याशी आलं. पुढे रस्ता नव्हता. पाड्यावरची माणसं खाली येऊन थांबली होती. मागे हायवेवर ट्रक चालूच होते. मी कायद्यानं तिथे असायची गरज नव्हती. आलो होतो.

थोरला माझ्याजवळ आला. त्या चार-पाच दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता, आणि हे तरी मी वाढवून सांगत नाही.

"साहेब, यक इचारू?"

"विचार."

"हास्पिटलात कंपौंडर बोलला, डोकं खाली धरलं म्हनून घात झाला. मशीनमधी दिसलं म्हनला. आमी त्याला चुकीचा आनला का?"

सगळी माणसं माझ्याकडे वळली. झोळीला बांबू ओवणारा हातही थांबला.

मी आवाज चढवला, पूर्वीसारखाच, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "त्या कंपाउंडरला काय कळतं! मोठ्या डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, डोकं खाली होतं म्हणून रक्त बाहेर पडलं. नाहीतर हा डोंगरावरच गेला असता. तुम्ही आणला तसा आणला, म्हणून तो दवाखान्यापर्यंत जिवंत पोचला. समजलं?"

थोरल्यानं मान हलवली. मग त्यानं बांबू खांद्यावर घेतला, त्याच सोललेल्या खांद्यावर.

आता पाय पुढे होते. रीतच ती. पण वाट चढाची होती, पुढची बाजू वर आणि मागची खाली. येताना जिवंत होता म्हणून डोकं पुढे, आणि डोकं खाली. जाताना मेला म्हणून पाय पुढे, आणि डोकं पुन्हा खालीच. मी उभा राहून ती झोळी करवंदीआड जाईपर्यंत बघत होतो.

लोक मला विचारतात, ह्या नोकरीनं तुम्हाला काय शिकवलं. हायवेवर कोणी पडलेलं असतं, गाड्या बाजूनं निघून जातात, आणि शेजारी बसलेला माणूस म्हणतो, "बघा, माणुसकी राहिली नाही." मला खिडकीतून पडणारी घोंगडी दिसते. त्या माणसाची माणुसकी आम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतली. एकानं भीतीपोटी, आणि बाकीच्यांनी कायद्याप्रमाणे. म्हणून गाडी थांबवायला सांगतो आणि स्वतः उतरतो. गुडघे कुरकुरतात, तरी उतरतो.

आणि दुसरं सांगायचं तर, आयुष्यभर मी एकाचे दहा करून सांगितले. त्या डोंगराच्या पायथ्याशी मात्र दोन गोष्टी खऱ्या होत्या आणि मी एकच सांगितली. थोरला अधूनमधून भिवंडीच्या बाजारात भेटायचा. करवंदं आणून द्यायचा, आमच्या सौ.ला "बाय" म्हणायचा. ती दुसरी गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. सौ.लासुद्धा नाही. ती विचारायची, ह्या माणसाची काय हकीकत? मी म्हणायचो, जुनी ओळख.

गेल्या पावसाळ्यात थोरला गेल्याचं कळलं. म्हणून आज दोन्ही लिहिल्या.

सौ.नं हे वाचलं. भागाकार केला नाही. नुसता चहा टाकला.